कोणाच्या हाताखाली?

विहिरीवरची मोटर जळाली की शेतकऱ्याचा एक दिवस रिवाइंडिंगच्या दुकानात जातो. अक्षय्य तृतीया होऊन आठवडा झाला होता आणि खामगावात ऊन असं होतं, की दुपारी नांदुरा रोडवर कुत्रंही दिसत नव्हतं. दुकानाच्या मालकाला सगळे मामा म्हणतात. ते माझे कोणी नव्हेत, पण माझी मोटर ते तिसऱ्यांदा भरत असल्यानं मीही मामाच म्हणतो. आत त्यांचा कारागीर पोरगा स्टेटरच्या खाचांत तांब्याच्या कॉइल बसवून वरून बांबूच्या पट्ट्या ठोकत होता. बाहेरच्या बाकावर मामांची खरीखुरी भाची मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. शेगावला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर शाखा. तिला गेम करायचे आहेत. खेळायचे नव्हेत, करायचे. हा फरक मामांना समजायला दोन वर्षं लागली असं ती म्हणाली. मामा म्हणाले, दीड.

वाद मी यायच्या आधीच पेटलेला होता. पुण्यातल्या एका लहानशा स्टुडिओनं तिला सुट्टीत दोन महिने इंटर्न म्हणून बोलावलं होतं. पगार शून्य.

मामा : पगार नाई तं नाई, पन राहाचं कोठी? खाचं काय? दोन महिन्याचे वीस-पंचवीस हजार उडतीन. मंग तू कामाले चालली का काम इकत घ्याले चालली?

भाची : तुम्हीही उमेदवारी केलीच होती ना मामा?

मामा : केली. अकोल्याले, दीड वर्स. उस्ताद पैसे देत नव्हता, पन दोन टाइम जेवन देत होता आन झोपाले दुकान. फी तं त्यानं कधी मांगली नाई.

भाची : हेही मागत नाहीत. मागणारे वेगळे आहेत. माझ्या वर्गातल्या एकीनं पाच हजार भरून ऑनलाइन इंटर्नशिप घेतली. दोन महिने व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आले आणि शेवटी एक प्रमाणपत्र. कॉलेजला तेवढंच लागत होतं.

मामा : पैसे देऊन उमेदवारी! हे मी पहिल्यांदाच आयकून राह्यलो बाप्पा.

मामांचा संताप मला पटला. आपल्या देशात १९६१ पासून शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. आयटीआयच्या पोराला कारखान्यात शिकताना विद्यावेतन मिळतं ते त्याच कायद्यानं. शिकणाऱ्याच्या हातून काम होतं तेव्हा त्याचं मोल असतं, हे तेव्हा मान्य झालं होतं. आता श्रेयांकांसाठी इंटर्नशिप सक्तीची झाली आणि जिथं कारखाने नाहीत तिथं प्रमाणपत्रांचा बाजार उभा राहिला.

मामा : आन कॉलेजात काय शिकवतात मंग? चार वर्स कायले घालवाचे?

भाची : कॉम्प्युटर ग्राफिक्सचा एक पेपर आहे. त्यात ब्रेसेनहॅमची रेषा शिकतो. आयबीएममधल्या माणसानं १९६२ साली शोधलेली रीत, पडद्यावर ठिपक्याला ठिपका जोडून रेघ कशी काढायची याची. आम्ही ती वहीत काढतो, मार्कांसाठी. सुरुवातीपासून शेवटापर्यंत एक गेम मात्र कोणी करून घेत नाही.

इथं मला राहवलं नाही. मी बावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवलं. सदिशांचा धडा आला की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न यायचा, "सर, हे लागतं कुठं?" आणि मी "पुढं कळेल" म्हणून वेळ मारून न्यायचो. तिला म्हटलं, तुझ्या गेममध्ये गणित येतं की नाही?

भाची : सर, एका मुलाखतीत मला एवढंच विचारलं होतं, की शत्रू खेळाडूच्या समोर उभा आहे का पाठीमागे, हे प्रोग्रॅमला कसं कळेल? मी गडबडले. खेळाडूचं तोंड ज्या दिशेला आहे तो एक सदिश, खेळाडूपासून शत्रूपर्यंतचा दुसरा. दोघांचा बिंदू-गुणाकार धन आला तर समोर, ऋण आला तर मागे. बारावीतलं आहे. मला येतही होतं. पण ते इथं लागतं हे कोणी सांगितलं नव्हतं.

मी गप्प बसलो. न सांगणाऱ्यांत मीही होतो ना.

मामा : म्हनजे कॉलेज वाया नाई.

भाची : वाया नाही, अर्धं आहे. उरलेलं अर्धं पुण्यात आहे.

मामा : मले खरं सांगू का? गेम म्हटलं की मले त्या रमीच्या जाहिराती आठवतात. आमच्या गल्लीतल्या एकानं त्याच्यापायी ट्रॅक्टर इकला.

भाची : तो जुगार होता मामा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले. त्याच कायद्यात बाकीच्या गेमला आणि ई-स्पोर्ट्सला प्रोत्साहन द्यायचं म्हटलंय. पण पत्ते लावणारा आणि गेम करणारा, दोघांनाही घरात "गेमवाला"च म्हणतात.

पुढच्याच महिन्यात राज्य सरकारनं ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग, कॉमिक्स यांचं स्वतंत्र धोरण मंजूर केलं. आराखडा ३,२६८ कोटींचा आणि थेट २०५० पर्यंतचा. त्याच वर्षी मुंबईत केंद्राची क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीची संस्थाही सुरू झाली. हे मी मामांना सांगितलं.

मामा : २०५० पर्यंत मी नसन.

भाची : मी चव्वेचाळीसची असेन. तोवर वाट पाहू?

पोराला तार कमी पडली म्हणून मामा उठले. चहा आला. परत बसले तेव्हा त्यांचा सूर बदललेला होता. ते आता तपासून घेत होते.

मामा : पुन्यात हाय तरी काय? नावं सांग.

भाची : युबीसॉफ्ट आहे, फ्रेंच कंपनी, २००८ पासून. सुमो त्याच्याही एक वर्ष आधीपासून. 'इंडस' करणारे सुपरगेमिंग पुण्याचेच. आणि नॉडिंग हेड्स, 'राजी' त्यांनीच केला. एक मुलगी आपल्या भावाला शोधायला निघते, असा गेम आहे. २०१७ मध्ये त्यांनी लोकांकडून वर्गणी मागितली, ती पुरेशी जमली नाही. तरी तीन वर्षांनी, २०२० मध्ये, गेम बाहेर आला आणि जगातल्या मोठ्या पुरस्कारांत पहिल्या कृतीसाठीच्या नामांकनापर्यंत गेला. छोट्याशा टीमचं काम होतं ते.

मामा : आन मोठ्याइचं?

ती जरा थांबली. उत्तर तिच्या बाजूचं नव्हतं, पण तिनं ते लपवलं नाही. मला ती पोरगी तिथं आवडली.

भाची : 'प्रिन्स ऑफ पर्शिया' नावाचा जुना, गाजलेला गेम नव्यानं करायचं काम युबीसॉफ्टच्या पुणे-मुंबईच्या स्टुडिओंना मिळालं होतं. सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झालं. झलक पाहून लोकांनी नावं ठेवली. २०२२ मध्ये काम कॅनडात माँट्रियलला गेलं. आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीनं तो गेम रद्दच केला.

मामा : पाहाय! मोठ्या घरचं काम बी हातातून जाते.

भाची : काम गेलं, पण करणाऱ्यांना जे आलं ते गेलं नाही ना?

मामा : आलं असन. पन दुसऱ्या कंपनीत जाताना ते दाखवतीन काय? जो गेम बाहेरच आला नाई तो दाखवता येते?

भाची : नाही येत. गुप्ततेच्या करारावर सही असते.

मामा : मंग? माह्याकडं नवा कारागीर आला तं मी त्याले एवढंच म्हनतो, तू भरलेली मोटर कोनाच्या वावरात चालून राह्यली ते सांग. तू दोन महिने तिकडं खपशीन, त्याइच्या मोठ्या कामातला येक कोपरा करशीन, आन तो बी दाखवता नाई येनार. त्यापरीस इथिसा बसून तुहा सोताचा गेम पुरा कर. लहान असो. पन पुरा.

स्टुडिओत कधी पाऊल न टाकलेला माणूस हे बोलत होता आणि मला त्यात काही खोट दिसेना. २०२३ आणि २०२४ ही वर्षं जगभरच्या गेम कंपन्यांत कपातीची गेली. दोन्ही वर्षी दहा-दहा हजारांवर माणसं घरी बसली. अशा बाजारात तिसऱ्या वर्षाच्या पोरीकडे दाखवायला स्वतःचं काहीतरी हवंच. मी मामांच्या बाजूला झुकलो आणि तसं म्हणालोही.

तेव्हा तिनं लॅपटॉप आमच्याकडे फिरवला.

पडद्यावर काळ्या मातीत आखलेलं एक गोल रिंगण होतं. रिंगणात अठरा धान्यांच्या राशी, मधे खड्डा, खड्ड्यात चार ढेकळं, त्यांवर पाण्यानं भरलेला करवा. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळची घटमांडणी! अक्षय्य तृतीयेला संध्याकाळी शेतात घट मांडायचा, रात्री तिथं कोणी थांबायचं नाही, आणि पहाटे कोणतं धान्य रिंगणातून किती सरकलं, करव्याचं काय झालं, यावरून पाऊस, पीक, राजकारण सगळ्यांचं भाकीत सांगायचं. अंधश्रद्धा निर्मूलनवाले त्यावर कडाडून टीका करतात, आणि भाकितापुरतं माझंही मत त्यांच्यासारखंच आहे. पण खेळ म्हणून पाहिलं तर? ठरलेली मांडणी, ठरलेले नियम, रात्रभराची अनिश्चितता आणि सकाळी निकाल. एका गेम जॅममध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळात गेम करायच्या उपक्रमात, अठ्ठेचाळीस तासांत तिनं हा सांगाडा उभा केला होता, गोडो नावाच्या फुकट मिळणाऱ्या इंजिनवर. खेळणारा शेतकरी आहे. भाकीत ऐकून काय पेरायचं ते त्यानं ठरवायचं. आणि भाकीत कधी खरं ठरतं, कधी नाही.

भाची : पूर्णच करतेय मामा. पण गूगल प्लेवर टाकायचा तर पंचवीस डॉलर भरून भागत नाही. २०२३ च्या शेवटी त्यांनी नियम केला, नव्या माणसानं आधी वीस जणांकडून चौदा दिवस सलग तपासून घ्यायचं. वर्षभरानं वीसाचे बारा केले. माझे अकरा झालेत. हॉस्टेलच्या सहा, गल्लीतले चार आणि हा.

'हा' म्हणजे आत पट्ट्या ठोकणारा पोरगा. त्यानं मान वर केली.

मामा : याले तं मी शिकवलं, कसं सांगाचं ते.

झालं होतं असं. पोरानं आपल्या जुन्या दोन जीबीच्या फोनवर गेम घेतला आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, "ताई, गेम बंद पडते." ती वैतागली, कारण तिच्या फोनवर पडत नव्हता. तेव्हा मामांनी पोराला धारेवर धरलं. शेतकरी येतो आणि म्हणतो मोटर जळाली. त्यानं काय कळतं? दोन फेजवर चालली का, पाणी खाली गेलं होतं का, जळायच्या आधी नुसती घूं-घूं करत होती का, हे विचारावं लागतं. तसं सांग, नेमकी कधी बंद पडते? पोरगा म्हणाला, तिसऱ्या रात्री, करवा फुटतो तेव्हा, आणि फोन तापलेला असला तरच.

भाची : सर, याला स्टुडिओत बग रिपोर्ट म्हणतात. काय केलं, कितव्या पायरीवर, कोणत्या फोनवर. गेम टेस्टरला याचाच पगार मिळतो आणि नवख्यांना आत शिरायचं एक दार तेच आहे.

मामा : म्हनजे मी टेस्टर हाय?

भाची : मामा, तुम्ही टेस्टर लीड आहात.

दोष काय होता तो माझ्या गणिताच्या आवाक्यातला निघाला, म्हणून सविस्तर सांगतो. अठराही धान्यांची चित्रं तिनं २०४८ बाय २०४८ ठिपक्यांची घेतली होती. फाइल पाहिली तर लहान दिसते. पण पडद्यावर आणताना ते चित्र उलगडून मेमरीत ठेवलं जातं, प्रत्येक ठिपक्याला चार बाइट. गुणाकार करा, एका चित्राला १६ एमबी. अठरांचे २८८. आणि मोबाइलवर ती ज्वारीची रास दिसणार नखाएवढी! तिनं चित्रं ५१२ वर आणली. बाजू चौथाई झाली की क्षेत्रफळ सोळावा हिस्सा. एका चित्राला १ एमबी, अठरांना १८. पोराचा फोन तापायचा थांबला.

मामा : पाहा मास्तर. पुन्याले न जाता शिकली का नाई?

भाची : शिकले. अकरा दिवसांनी. आधी वाटलं कोडमध्ये चूक आहे, कोड दोनदा लिहिला. मग वाटलं इंजिनची चूक. शेजारच्या खुर्चीवर कोणी जाणतं असतं तर पाच मिनिटांत म्हणालं असतं, एवढी मोठी चित्रं कशाला?

मामा : अकरा दिवसात जे पक्कं बसलं, ते पाच मिनटात बसलं असतं?

हा प्रश्न मला चोख वाटला. तिला नाही वाटला.

भाची : तुम्ही अकोल्याला पहिल्यांदा कॉइल उलटी जोडली असेल, तेव्हा उस्तादांनी काय केलं? अकरा दिवस शोधू दिलं?

मामा काही बोलले नाहीत. आत ठोकणं थांबलं. पोरगाही ऐकत होता.

मामा : कानफटीत देल्ली.

भाची : कधी?

मामा : तवाच. पुरी जोडूबी देल्ली नाई.

सगळे हसलो, मामाही. पण मला वाटतं वाद खरा तिथंच संपला. गेमचं इंजिन फुकट आहे, शिकवणारे व्हिडिओ पडून आहेत, लॅपटॉप कर्जानं का होईना मिळतो. खामगावात, चिखलीत, मेहकरला, देऊळगाव राजाला या पोरांना मिळत नाही ती चूक होत असतानाच हात धरणारी व्यक्ती. समृद्धी महामार्ग मेहकर, सिंदखेडराजावरून गेला, पण ती व्यक्ती काही त्यावरून आली नाही. मामांचं म्हणणं, आधी स्वतःचं पूर्ण कर, हे मला आजही बरोबर वाटतं. भाचीचं म्हणणं, एकटीनं पूर्ण करताना मी चुकते ते मलाच कळत नाही, हे त्याहून जास्त बरोबर वाटतं.

मामा : ठीक हाय. जाय पुन्याले. पन आधी त्याइले येक गोष्ट इचार.

भाची : पगाराचं?

मामा : पगाराचं इचारच, लाजू नको. निदान खोलीचं भाडं तरी द्या म्हना. पन त्याच्या आधी इचार, मी बसनार कोनाच्या हाताखाली? त्या मानसाचं नाव काय? तो माहं काम आठोड्यातून किती डाव पाहीन? नाव सांगतलं तं जाय, पैसे मी देतो. आन 'टीमसोबत राहशीन' म्हटलं तं समज, कोनीच पाहनार नाई.

तिनं तिथंच मेल लिहायला घेतला. मामांच्या वाक्यांचं इंग्रजी करताना 'हाताखाली' या शब्दाला ती अडली. मला विचारलं. मलाही नीट सुचला नाही. शेवटी तिनं सरळ लिहिलं, माझं काम रोज कोण तपासेल, त्यांचं नाव कळवा. खाली गेमची लिंक जोडली आणि पोराच्या फोनवरचा तो दोष कसा सापडला आणि कसा काढला, हे चार ओळींत लिहिलं. ती जोड मामांनी सुचवलेली नव्हती.

माझी मोटर सहा वाजता भरून झाली. वॉर्निश वाळायला रात्र लागणार, उद्या या म्हणाले. निघताना भाचीनं माझा ईमेल विचारला. बारावा तपासनीस म्हणून.

आता एक विनंती. पुण्यातल्या, मुंबईतल्या, हैदराबाद-बंगळुरूच्या गेम स्टुडिओंत आपल्या जिल्ह्याची काही मुलंमुली असतीलच. कोणी टेस्टर असेल, कोणी चित्रं करत असेल, कोणी कोड लिहीत असेल. दिवाळीला गावी याल तेव्हा एक दुपार काढा. भाषण नको, करिअर मार्गदर्शनाचं बॅनरही नको. चार-पाच पोरांनी केलेलं अर्धंमुर्धं काम हातात घेऊन खेळून पाहा आणि कुठं चुकलंय ते तोंडावर सांगा. मामांचं दुकान रविवारी बंद असतं. बसायला जागा म्हणून त्या दिवशी किल्ली द्यायचं त्यांनी कबूल केलं आहे.